साडेअकरा ते बारा

माझं कुणी मेलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

कुणी मेलं असतं, नोकरी गेली असती, निदान एखादं मोठं आजारपण तरी आलं असतं, तर चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी समजून घेतलं असतं. चार जण घरी आले असते, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला असता. माझं तसं काहीच नाही. वय चौपन्न, लिफ्टदुरुस्तीची पक्की नोकरी, बायको धडधाकट, मुलगी आपल्या घरी सुखात. आणि एका रविवारी उपासनेत उभा असताना लक्षात आलं, की आपण जे बोलतोय ते कुणी ऐकतंय असं आपल्याला वाटतच नाहीये. फोन लावावा, रिंग जात राहावी आणि पलीकडे कुणी उचलूच नये, तसं. म्हटलं, होईल दोन-चार आठवड्यांत ठीक. सात महिने झाले.

सांगणार कुणाला? बायकोलासुद्धा सांगितलं नाही. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून जायचो, तोंड हलवायचो, परत यायचो आणि जेवून झोपायचो.

त्यात आमच्या मंडळीत प्रार्थनेची साखळी आहे. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, ती सुरू केली. कुणाचं ऑपरेशन असलं, कुणाचं काही अडलंनडलं, की ताई वहीत एक पान आखते. वर ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याचं नाव, खाली अर्ध्या-अर्ध्या तासाचे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक माणूस. घरी, दुकानात, जिथे असाल तिथे अर्धा तास प्रार्थना करायची. वेळ संपली की पुढच्याला फोन करून म्हणायचं, "झालं. आता तुमच्याकडे." पुढच्याने म्हणायचं, "घेतलं." तो शब्द कानावर पडल्याशिवाय आपण सोडायचं नाही. पुढचा सापडला नाही, तर सापडेपर्यंत आपणच धरून बसायचं. हा नियम मूळचा माझा. लिफ्टच्या कामात दोघं असतात, आणि दुसरा "धरलं" म्हणत नाही तोवर पहिला हात काढत नाही. ताईला ते फार आवडलं आणि तिने ते उचललं.

तर या सात महिन्यांत माझ्या वाट्याला आलेल्या अर्ध्या तासांचं मी काय केलं, तेही सांगून टाकतो. एकदा नखं कापली. एकदा घरातल्या सगळ्या बुटांना पॉलिश केलं. बाकीच्या वेळा घड्याळाकडे बघत बसलो. आणि वेळ झाली की पुढच्याला फोन. आवाज मात्र असा काढायचो, की ऐकणाऱ्याला वाटावं हा आत्ताच डोंगरावर देवाला भेटून खाली उतरतोय.

मग ताईच्या हृदयाची झडप निकामी झाली.

ऑपरेशन ठरलं. तिने सर्जनना सरळ विचारलं, की माझं हृदय तुम्ही नक्की किती वाजता बंद करणार. ते बिचारे गडबडले. असं कुणी विचारत नाही म्हणाले. पण ताईने पिच्छा सोडला नाही, तेव्हा म्हणाले, नऊला सुरू केलं तर साधारण साडेअकराला थांबवू, तेवढा वेळ मशीन रक्त फिरवेल, आणि झडप बसवून झाली की हृदय पुन्हा चालू करू. ताईने घरी येऊन वही काढली. नऊपासून पाचपर्यंतचे चौकोन आखले. बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. साडेअकरा ते बारा या चौकोनात मात्र चिठ्ठी न टाकता स्वतःच्या हाताने लिहिलं, 'भाऊ'. भाऊ म्हणजे मी.

मी ते पान दोनदा वाचलं आणि वही मिटून तिला परत दिली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो ते ठरवूनच, की आज सांगायचं. मला काढ, दुसऱ्या कुणाला घाल. खाली ती तपासणीहून येताना भेटली, म्हणून दोघं मिळून लिफ्टने वर निघालो. ताईला लिफ्टची पहिल्यापासून धास्ती. दार लागलं की माझी बाही धरते आणि गेली वीस वर्षं तोच प्रश्न विचारते, की वीज गेली तर? आणि मी तेच उत्तर देतो. अगं, वीज ब्रेक लावत नाही, वीज ब्रेक उघडते. वीज गेली की स्प्रिंगने ब्रेक आपोआप बसतो आणि डबा जागच्या जागी राहतो. लोकांना वाटतं वीज गेली की लिफ्ट पडते, आणि मला इतका राग येतो या गोष्टीचा की विचारू नका.

खाटेवर बसल्यावर तिने दवाखान्याच्या झग्याची थट्टा केली. मागून सगळं उघडं, म्हणाली, स्वर्गात असंच पाठवणार की काय. मी हसलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा चेहरा बदलला.

"भाऊ, मला भीती वाटतेय," ती म्हणाली. "बाकीच्या तासांची नाही, त्या एका अर्ध्या तासाची. तेव्हा माझं हृदय माझ्याकडे नसणार. म्हणून तिथे तुला ठेवलंय. तू धरलेलं सोडत नाहीस."

मी तिच्या चपला उगीचच खाटेखाली सरळ करून ठेवल्या आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी रजा घ्यायला हवी होती. भावोजी सकाळपासून दवाखान्यात बसले होते, मीही त्यांच्याशेजारी बसायला हवं होतं. मी कामावर गेलो. घरी म्हटलं, माणसं कमी आहेत, जावं लागतंय. खोटं होतं ते. एकट्याने बसून त्या साडेअकराची वाट बघायची माझ्यात हिंमत नव्हती. मी बसलो आणि पुन्हा पलीकडे कुणीच नसलं, आणि तिकडे ताईला काही झालं, तर पुढे आरशात तोंड कसं बघायचं? त्यापेक्षा ग्रीसने हात बरबटलेले बरे.

पावणेअकराला तक्रार आली. एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत एक वकील होता. मी आणि माझा जोडीदार, जो अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे आणि कुठल्याच देवाच्या भानगडीत पडत नाही, आम्ही गच्चीवरच्या मशीनरूममध्ये चढलो. डब्याखालची, डबा घसरला तर त्याला थांबवणारी पकड रुळाला घट्ट चावली होती. ती सोडवायची तर डबा हाताने वर ओढायचा. वीज बंद करायची, एकाने ब्रेकचा दांडा दाबून ब्रेक उघडा धरायचा, दुसऱ्याने मोठं चाक फिरवायचं. बोटभर वर, दांडा सोडायचा, ब्रेक बसतो, दम घ्यायचा, पुन्हा बोटभर. जोडीदार चाकावर, मी दांड्यावर.

वकील खालून ओरडत होता, की मी तुमच्या कंपनीला कोर्टात खेचीन, एकेकाला बघून घेईन. ते बरं होतं. ओरडणारा माणूस श्वास घेत असतो. सव्वाअकराच्या सुमाराला तो गप्प झाला. मी हाक मारली तर बारीक आवाजात म्हणाला, छातीत कसंतरी होतंय, लवकर करा.

बरोबर साडेअकराला खिशातला फोन वाजला.

मला माहीत होतं कोण असणार. माझ्या आधीची पाळी मास्तरांची होती. मास्तर एक्क्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, मलाही शिकवलं, आणि अजूनही माझ्याशी मी चौथीत असल्यासारखे बोलतात. मी दांडा सोडला, ब्रेक बसला, फोन कानाला लावला.

"झालं," मास्तर म्हणाले. "आता तुझ्याकडे."

"हो हो, ठेवा," मी म्हणालो आणि फोन बंद केला.

आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. चांगलं सबळ कारण मिळालं होतं. माणूस मरणाच्या दारात आहे, दांडा हातात आहे, आता कसली प्रार्थना? देव असेल तर समजून घेईल आणि नसेल तर प्रश्नच मिटला. असं मनात म्हणत मी दांडा दाबला.

बोटभर, बोटभर करत पकड सुटायला बारा वाजून दहा मिनिटं झाली. डबा मजल्याशी आल्याचं सांगणारी दोरावरची पिवळी खूण जागेवर आली, मी धावत पाचव्या मजल्यावर जाऊन दार उघडलं. वकील बाहेर येऊन जिन्यावर बसला, पाणी प्यायला, पाच मिनिटांत त्याचा रंग परत आला आणि त्याने माझं नाव आणि कंपनीचा पत्ता लिहून घेतला. म्हटलं, हा जगणार.

मग मी फोन पाहिला. बेकरीबाईचे तीन फोन येऊन गेले होते. माझ्यानंतरची पाळी तिची. आणि भावोजींचा एक.

आधी भावोजींना लावला. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. हृदय ठरल्यापेक्षा तासभर आधीच थांबवलं होतं, झडप बसली म्हणाले, पण ते आपणहून चालू होत नाहीये. अकरा पन्नासपासून प्रयत्न करतायत. मशीनवर ठेवलंय. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, थांबा. बस, तेवढंच म्हणाले. मग भावोजींनी विचारलं, की तू धरलंयस ना रे? मी काहीतरी पुटपुटलो आणि फोन ठेवला.

अकरा पन्नास. म्हणजे माझा अर्धा तास.

जिन्यावर भिंतीला टेकून मी बेकरीबाईला फोन लावला. तिने उचलल्या उचलल्या माफीच मागितली. म्हणाली, मी तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस, तेव्हा समजले की तू गुडघ्यावर असशील आणि अजून सोडवत नसेल तुला. मग नाही त्रास दिला. ओव्हनसमोर खुर्ची टाकून तुझ्या फोनची वाट बघतेय.

माझ्याबद्दल असा चांगला विचार कुणी केला की हल्ली मला चिडच येते. पण त्या क्षणी रडू आलं.

"मी प्रार्थना केलेली नाही," मी म्हणालो. "आज नाही, आणि गेले सात महिने एकदाही नाही. मला जमतच नाही. मी नुसते फोन करतो."

तिच्या मागे ट्रे ठेवल्याचे आवाज येत होते. मला वाटलं, आता ही रागावेल, आणि मला तेच हवं होतं. ती रागावली नाही. तिने विचारलं, मग आत्ता ते कुणाकडे आहे? मी म्हटलं, कुणाकडेच नाही, माझ्याकडे येऊन तुटलं. मग तिने आणखी एक विचारलं. मास्तरांना तू 'घेतलं' म्हणाला होतास का?

मी आठवून पाहिलं. हो हो, ठेवा. एवढंच म्हणालो होतो.

"मग मास्तर सोडायचे नाहीत," बेकरीबाई म्हणाली. "एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस आहे भाऊ, धाव. मी इथून सुरू करते."

मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. मी जोडीदाराला हत्यारं आवरायला सांगितली आणि पळालो. वाटेत तीनदा फोन लावला, त्यांनी उचलला नाही. मी दार ढकललं, ते उघडंच होतं. मास्तर आतल्या खोलीत पलंगाशी गुडघ्यावर होते. कपाळ गादीवर, दोन्ही हातांच्या मुठी चादरीत. चष्मा आणि फोन पलंगाच्या पलीकडच्या कडेला पडलेला, त्यांच्या हाताला न लागण्याइतका लांब. अकरापासून बसले होते. घड्याळात साडेबारा होऊन गेले होते.

"मास्तर," मी म्हणालो.

"तू 'घेतलं' म्हणाला नाहीस," ते गादीतूनच म्हणाले.

मी त्यांना उठवायला गेलो, तर गुडघे धरले होते, पाय सरळ होईनात. अंग थरथरत होतं. मी म्हटलं, मास्तर, उठा, पाया पडतो. ते म्हणाले, मग घे. मी म्हटलं, माझ्याच्याने होत नाही. आणि मग जे बेकरीबाईला सांगितलं ते सगळं त्यांना सांगितलं, नखं आणि बुटांच्या पॉलिशसकट. ताईचं हृदय चालू होत नाहीये, हेही सांगितलं. ते माझ्या वेळेत झालं, मास्तर, माझा विश्वास उरला नाही आणि तिने नेमकं मलाच तिथे ठेवलं.

मास्तरांनी मान वळवली. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे फार म्हातारे दिसत होते.

"तुझा विश्वास कुणी मागितला होता?" ते म्हणाले. "तिने अर्धा तास मागितला होता."

चौथीत त्यांनी मला हातावर पट्टी मारली होती, ती एवढी लागली नव्हती.

मग त्यांनी सांगितलं, दम खात खात. पहिला अर्धा तास नीट गेला म्हणाले. तू फोन आपटलास, त्यानंतर दहा मिनिटांत शब्द संपले. डोकं रिकामं. मग तिचं नाव घ्यायचं आणि एक पाढा म्हणायचा, पुन्हा नाव, पुन्हा पाढा, असं सुरू केलं. सतराचा दोनदा झाला. आता एकोणतीसचा चालू आहे, मध्ये बोलू नकोस.

आणि ते खरोखर पुढे म्हणू लागले. मी त्यांच्या मागे बसलो आणि काखेत हात घालून त्यांना धरलं, कारण ते एका बाजूला कलत होते. हाडं नुसती. त्यांचा श्वास माझ्या मनगटावर लागत होता. ते पाढा म्हणत होते आणि मध्ये मध्ये ताईचं नाव घेत होते. मी काही म्हटलं नाही. म्हणण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. पण मी त्यांना सोडलंही नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पाठ भरून आली, घड्याळाचा काटा हलता हलेना. आयुष्यात मी कधी इतका घाबरलो नव्हतो.

एकला दहा कमी असताना माझा फोन वाजला. भावोजी होते. बराच वेळ त्यांना बोलताच येईना, आणि त्या तेवढ्या वेळात मी ताईला पुरून आलो होतो.

"सुरू झालं," शेवटी ते म्हणाले. "दहा मिनिटं झाली. आपणहून चालतंय."

मास्तरांनी मला पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. मग म्हणाले, आता बेकरीबाईला फोन लावून माझ्या कानाशी धर. तिला म्हणाले, झालं, आता तुमच्याकडे. ती काय म्हणाली ते मलाही ऐकू आलं. तेव्हा कुठे त्यांनी मला उठवू दिलं.

ताईला सामान्य वॉर्डात आणल्यावर, आठव्या दिवशी दुपारी, मी तिला सगळं सांगितलं. माझी कल्पना होती की ती डोळे मिटून माझा हात हातात घेईल आणि मला माफ करेल. छे. ती अशी भडकली, की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. प्रार्थना केली नाही म्हणून नव्हे. सात महिने सांगितलं नाही म्हणून. मी गावभर लोकांच्या दुखण्यांची पानं आखत फिरते, म्हणाली, आणि माझा सख्खा भाऊ कोरडा पडलाय हे मला माहीत नाही? नर्स धावत आली आणि मलाच ओरडली. मी म्हटलं, तू मला त्या वेळेला ठेवलंस, आणि माझं आत सगळं बंद पडलं होतं, मी कशाच्या जोरावर धरणार होतो? ताईने पाण्याचा घोट घेतला, छातीवर उशी दाबून धरली, तिला बोलताना टाके ओढायचे.

"वीज गेली की ब्रेक बसतो, असं वीस वर्षं मला सांगतोस," ती म्हणाली. "तुझी वीज गेली. ब्रेक काय तुझ्या हातात आहे?"

मी म्हटलं, हातात फक्त उघडायचा दांडा असतो, बसतो तो स्प्रिंगने.

"तेच म्हणतेय मी, गाढवा," ताई म्हणाली आणि तिने वही मागितली.

नवीन पान आखलं. वर लिहिलं, 'भाऊ'. खाली सगळे चौकोन भरले. माझ्यासाठी एकही चौकोन ठेवला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. चौपन्न वर्षांचा बाप्या माणूस, आणि अख्खी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करणार, म्हणजे सगळ्यांना कळणार. कळू दे, म्हणाली. बायकोला तर मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, बुटांना पॉलिश केलंस तेव्हाच मला शंका आली होती.

साखळीचा तो दिवस ताई घरी गेल्यावर ठरला. मी कामावर होतो, मशीनरूममध्ये, महिन्याचं तेलपाणी करत. सकाळपासून फोन गप्प. दर अर्ध्या तासाला कुणीतरी कुणालातरी मला देत होतं आणि मला ते कळतही नव्हतं. बेकरीबाई पिठाच्या हातांनी. मास्तर, या वेळी खुर्चीत बसून, मी दम दिला होता म्हणून. माझं लक्ष लागेना. दोनदा पाना हातातून पडला.

शेवटची पाळी ताईची. पाचला फोन वाजला.

"झालं," ताई म्हणाली. "आता तुझ्याकडे."

मी उभाच राहिलो. आत काही उजळलं वगैरे नाही. मशीनरूमचं छत तेच, पोपडे आलेलं, आणि त्याच्या वर कुणी ऐकतंय का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. ताई फोन ठेवत नव्हती. तिचा श्वास ऐकू येत होता, अजून जरा धाप लागलेला. ती थांबली असती, मला माहीत आहे, रात्र झाली असती तरी थांबली असती. मला एवढंच कळत होतं, की तिने आता ते खाली ठेवून जरा पडायला हवं.

"घेतलं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "मग ठेवते. गोळी घ्यायचीय."

मी उलट्या बादलीवर बसलो आणि जोडीदाराला म्हटलं, मला अर्धा तास लागेल. कशाला, ते त्याने विचारलं नाही. चहा घेऊन येतो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला, कारण लिफ्ट आम्हीच बंद ठेवली होती.